जिन्याखालचं टेबल

टिपणीससाहेबांना शोधत आमच्या ऑफिसात कुणी आलं, तर ते बहुतेक वेळा पावसाची चौकशी करायला आलेलं असायचं. त्यात येणाऱ्याचा दोष नव्हता. त्यांच्या टेबलावर पाटीच तशी होती: 'वाहतूक व हवामान कक्ष'. लोक त्यातलं 'हवामान' तेवढं वाचत आणि छत्री घेऊ की नको ते विचारत.

आमचं नियोजनाचं सरकारी ऑफिस ठाण्यात, कोर्टाच्या मागच्या अंगाला. रस्ता कुठून न्यावा, बस कुठे हव्यात, खाडीवर पूल लागेल का, असल्या गोष्टींचे अहवाल तिथे तयार होत आणि पुष्कळसे तिथेच राहत. मी आस्थापना शाखेत होते. कुणाची नेमणूक, कुणाची बढती, कुणाची निवृत्ती, सगळं माझ्या हाताखालून जायचं, त्यामुळे माणसांपेक्षा माणसांची पदं मला जास्त माहीत. टिपणीससाहेब पंधरा-वीस वर्षं साधे वाहतूक नियोजक होते आणि कुणाला त्यांचा त्रास नव्हता. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशात कुठेतरी हवामानावर मोठी परिषद झाली. तिचे पडसाद दिल्लीला उमटले, दिल्लीहून मुंबईला आले, आणि मुंबईहून घरंगळत ठाण्याला पोचेपर्यंत त्यांचं एक टेबल झालं. ऑफिसात जागा नव्हती म्हणून ते जिन्याखाली लावलं. साहेबांनी हौसेनं ते मागून घेतलं होतं. असं टेबल मागून घेणारा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

उंच, किंचित पोक आलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. जिन्याखाली उभं राहताना डोकं आपटू नये म्हणून त्यांना मान वाकवायची सवय लागली, ती पुढे मोकळ्या रस्त्यावरही गेली नाही. टेबलासमोर भेटायला येणाऱ्यासाठी एक खुर्ची होती. ती खुर्ची दिवसभर सगळ्या शाखा पळवत, कारण तिच्यावर कुणी बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी पाच वाजता साहेब स्वतः ती शोधून आणत, रुमालानं पुसत आणि जागेवर ठेवत. मी एकदा म्हटलं, उद्या सकाळी पुन्हा जाणारच आहे ती, कशाला आणता. ते म्हणाले, सकाळी पहिल्यांदा कुणी आलं तर त्याला बसायला हवी. मी मनात म्हटलं, येणार कोण आहे.

फोन मात्र यायचे. उद्या क्रिकेटची मॅच आहे, पाऊस आहे का. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात, राहू देत का. सुरुवातीला साहेब प्रत्येकाला नीट समजावून सांगत की आपलं काम वेगळं आहे; गाड्यांच्या धुरानं हवा हळूहळू तापते, तापली की समुद्र चढतो, आणि आपलं ठाणं, दिवा, डोंबिवली हे सगळं खाडीच्या कडेला बसलेलं आहे, म्हणून आत्ताच रस्ते आणि बसगाड्यांचा विचार करायला हवा. पलीकडचा माणूस हे सगळं ऐकून घ्यायचा आणि पुन्हा विचारायचा, मग मिरच्यांचं काय. आमच्या हेडक्लार्कांच्या मुलीचं लग्न मैदानात मांडव घालून करायचं ठरलं, तेव्हा तेही जिन्याखाली गेले. साहेब त्यांना म्हणाले, "अहो, मी पुढच्या पन्नास वर्षांचं सांगतो. पुढच्या गुरुवारचं नाही." हेडक्लार्कांनी बाहेर येऊन जाहीर केलं की या माणसाला सरकार फुकट पगार देतं. ऑफिसात त्यांचं नाव 'वेधशाळा' पडलं ते तेव्हापासून. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांनी हसून सोडून दिलं, पण दोन दिवस ते डबा खायला आमच्यात आले नाहीत.

ते वेडे नव्हते, हे मला फार आधीपासून माहीत होतं. ऐंशीच्या दशकात, मी नवीन होते तेव्हा, ठाण्यात घरोघरी जाऊन प्रवासाची पाहणी झाली होती. काल तुम्ही कुठून कुठे गेलात, कशानं गेलात, असं प्रत्येक घरात विचारायचं. त्या पाहणीचा एक नियम होता: वाहनात बसला तरच प्रवास. पायी गेला तर तो धरायचा नाही. आता हा नियम कुठल्या मोठ्या माणसानं केला देव जाणे, पण आमच्याकडे कुणालाच त्यात काही खटकलं नाही. साहेबांची पद्धत अशी की पाहणी झालेल्या काही घरांत ते स्वतः पुन्हा जायचे. असंच एकदा खाडीकाठच्या कोळीवाड्यात गेले. तिथे जनाबाई म्हणून एक कोळीण होती. रोज पाटी डोक्यावर घेऊन बाजारात यायची, बाजारातून नौपाड्यात घरोघर, आणि तिन्हीसांजेला परत, सगळं पायी. आमच्या हिशेबात तिच्या नावापुढे प्रवास शून्य लागला होता. साहेबांनी तिला ते प्रामाणिकपणे सांगितलं. असल्या गोष्टी प्रामाणिकपणे सांगायची त्यांना खोडच होती.

"मंग मी काय दिसभर घरान बसलेली का रं?" ती म्हणाली, आणि सगळी आळी गोळा करून तिनं साहेबांची ओळख करून दिली: हा बघा, याच्या सरकारात आपण कुणी हालतच नाही.

साहेब कायस्थ, मासळीवर जीव. जाताना तिनं थट्टेची भरपाई म्हणून त्यांच्या रुमालात वाटाभर जवळा बांधून दिला, आणि पुढे कित्येक वर्षं ते तिच्याकडूनच मासळी घेत राहिले. पण त्या दिवशी ऑफिसात परत आले ते थेट वरिष्ठांच्या खोलीत. पायी चालणारी माणसं मोजायची म्हणाले. वरिष्ठ म्हणाले, चालणारे काही रस्ता मागायला येत नाहीत. साहेब म्हणाले, ते धूरही सोडत नाहीत. ह्या वाक्याचा अर्थ तेव्हा आमच्यातल्या कुणालाही कळला नाही, मलाही नाही. आठ-दहा वर्षांनी जिन्याखाली टेबल लागलं तेव्हा कळला. ज्यांच्यामुळे हवा तापत नाही, त्यांना आधी पाऊलवाट द्या, मग बस द्या, आणि उरलेल्या जागेत मोटारी घाला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वरिष्ठांनी त्यांचा चालणाऱ्यांवरचा मजकूर अहवालात घेतला खरा, पण सगळ्यात शेवटी, परिशिष्टात, जिथपर्यंत वाचत कुणी जात नाही.

त्यांच्या कामाची आणखी एक रीत होती, ती हळूहळू त्यांच्या बोलण्यातच मुरली. कुठलाही प्रश्न आला की ते आधी पर्याय मांडायचे, आणि त्यांतला पहिला ठरलेला: काहीच केलं नाही तर. पूल बांधला नाही, बस वाढवली नाही, जसं आहे तसं राहू दिलं, तर काय होईल ते आधी लिहायचं, मग बाकीचं. म्हणजे आपण जे करणार त्याची तुलना कशाशी तरी होते. पण ही रीत ते कॅन्टीनमध्येही लावायचे. माझा पंखा बिघडला तेव्हा मी त्यांच्याकडे ओळखीचा मेकॅनिक विचारायला गेले, तर म्हणाले, आधी बघू, काहीच केलं नाही तर काय होईल. मी म्हटलं, मी उकडून मरेन. ते म्हणाले, बरं, मग दुसरा पर्याय.

ठाकुर्लीला जुन्या पॉवर हाऊसच्या बाजूला ते एकटे राहायचे. आई होती तोवर आई होती. मी डोंबिवलीची, म्हणजे एका स्टेशनाचं अंतर, त्यामुळे जाता-येता बोलणं व्हायचं. एकदा मी सरळच विचारलं की साहेब, लग्नाचं काय झालं. असलं विचारायला मला कधी लाज वाटलेली नाही. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि पुन्हा खिशाला लावली. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "पहिला पर्याय घेतला, बाई. सगळ्यात महाग तोच असतो. कळतं फक्त उशिरा." आणि लगेच कल्याणच्या बसडेपोविषयी बोलायला लागले. मला त्या दिवशी त्यांचं फार वाईट वाटलं, आणि त्या माणसाशी यापुढे जरा नीट बोलायचं असं मी ठरवलं.

त्यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. आमच्याकडे नियम असा की नवीन निघालेलं पद माणूस निवृत्त झाल्यावर काही काळ रिकामं राहिलं तर रद्द होतं. पण त्यांच्या हाताखाली सहायकाची एक हंगामी जागा मंजूर होती, टेबल लागलं त्या दिवसापासून रिकामी. ती भरली असती तर कक्ष चालू राहिला असता; हाताखाली माणूस आहे तोवर टेबल उचलता येत नाही. मीच त्यांना हे सांगितलं. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. जाहिरात दिली, तिला कुणी आलं नाही. पुन्हा दिली, एक जण आला, तो विचारायला लागला की गाडी मिळेल का. ऑफिसातल्या पोरांना विचारलं, तर ती म्हणाली, साहेब, वेधशाळेत कोण येणार, तिथून बढती कुठे आहे. आणि खरंच नव्हती. मी बढतीची शिडी शोधून पाहिली होती. त्या जागेच्या वर फक्त जिना होता.

मग डोंबिवलीच्या एका कॉलेजात व्यवसाय मार्गदर्शनाचा मेळावा असायचा, तिथे साहेब टेबल मांडून बसायला लागले. कॉलेज माझ्या घराजवळ, म्हणून मी डोकावले. डॉक्टर, सीए, कॉम्प्युटरवाले यांच्यापुढे पोरांची झुंबड, आणि साहेब हातानं काढलेला खाडीचा नकाशा भिंतीला लावून खुर्चीत ताठ बसलेले. एक मुलगा येऊन कॉम्प्युटरवाल्यांचं टेबल कुठे ते विचारून गेला. मला इतका राग आला की मीच समोर जाऊन बसले आणि मोठ्यानं प्रश्न विचारायला लागले, म्हणजे आणखी कुणी येईल. साहेब गंभीरपणे मला उत्तरं देत होते. माझी निवृत्ती त्यांच्यामागून आठ वर्षांनी, मला कसली व्यवसायाची दिशा.

त्या दिवशी वैशाली आली. वैशाली म्हात्रे, भूगोल घेऊन नुकतीच पदवीधर झालेली, दिव्याच्या चाळीतली. वडील आधी मिठागरात होते, आता एका सोसायटीत वॉचमन; घरात नळ नाही, आई रोज लांबून डोक्यावर हंड्यानं पाणी आणायची. तिनं नकाशा पाहिला आणि विचारलं, "सर, यात आमचं दिवा कुठाय? दरवर्षी पाणी घरात येतं, ते तर दाखवलंच नाही तुम्ही." साहेबांनी खिशातली पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. तिनं स्वतः दिव्यात पाणी कुठवर येतं ती रेघ मारली. घरी जाताना साहेब इतके बोलत होते की मला एक शब्द मध्ये घालता आला नाही. पोरीला दिसतं, बाई, म्हणाले, तिला सांगावं लागत नाही.

पुढचे तीन-चार महिने ती आठवड्यातून दोनदा यायची. जिन्याखालून आवाज यायला लागले. ती खुर्ची आता कुणी पळवेना, कारण तिच्यावर माणूस असायचा. ती बसगाड्यांच्या धुराचा हिशेब शिकली, साहेबांशी वाद घालायला लागली, आणि फोन आला की परस्पर सांगायची की मिरच्या आत घ्या. साहेबांना हसू आवरायचं नाही. ते आमच्यात डबा खायला आले, तिला घेऊन आले, आणि आमच्या हेडक्लार्कांना तिनं आठवड्याभरात काका करून टाकलं. जागा पुन्हा निघाली, तिनं अर्ज केला, निवड झाली. नेमणुकीचा आदेश मी स्वतः टाइप केला. सही तेवढी बाकी होती.

त्याच आठवड्यात तिचा बँकेच्या परीक्षेचा निकाल लागला. पास झाली. ती धावत आमच्याकडेच आली, घरी जाण्याआधी. मी काही कागद घेऊन साहेबांच्या टेबलाशी उभी होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. तिनं सांगितलं, आणि मग हात जोडल्यासारखे एकमेकांत धरून म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा. मी कुठं जाऊ?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मी मनात म्हणत होते, सांगा हो, एकदा तरी स्वतःसाठी मागून घ्या. पण ते त्यांच्या रीतीनं सुरू झाले. काहीच केलं नाहीस तर काय, इथे आलीस तर काय, तिथे गेलीस तर काय. इथली जागा हंगामी, दर वेळी नवा आदेश, आणि आपण निवृत्त झाल्यावर तो आदेश काढणारा कुणी असेलच असं नाही. बँकेत कायमची नोकरी, घरासाठी कर्ज, दोन-तीन वर्षांत दिव्यातून बाहेर. त्यांनी एकही गोष्ट वाढवली नाही, एकही लपवली नाही. मला वाटतं, सगळ्या नोकरीतलं त्यांचं उत्तम काम तेच असेल, आणि ते ऐकताना मला त्यांची जीभ धरावीशी वाटत होती.

"बँकेत जा," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या आईच्या डोक्यावरचा हंडा उतरेल."

"पण सर, समुद्राचं?"

"समुद्र हळू येतो गं. पाणी रोज भरावं लागतं."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. आणखी काही म्हणतील अशी वाट पाहत असावी. मग वाकून नमस्कार करून गेली. मी साहेबांना टाकून बोलले. आदेश तयार होता, म्हटलं, नुसतं 'ये' म्हणायचं होतं. ते म्हणाले, हिशेब तसाच निघाला, बाई, मी काय करू. आणि टेबलावरचे कागद सरळ करत बसले, जे आधीपासूनच सरळ होते.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भाषणं झाली. वरिष्ठांनी भाषणात त्यांचा उल्लेख हवामान खात्याचे अधिकारी असा केला. साहेबांनी दुरुस्ती केली नाही. वैशाली आली नव्हती, तिचं तेव्हा पुण्याला ट्रेनिंग चालू होतं.

पुढच्या वर्षी पद रद्द झालं. तो आदेशही माझ्याच हातून गेला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपण सांगावं म्हणून रविवारी दुपारी मी ठाकुर्लीला गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते नाशिकला भाच्याकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले, त्यामुळे मला त्यांची आठवण येते ती त्या दुपारची. तळमजल्यावरची खोली, खिडकीत तुळस, आणि गॅसवर चहा ठेवताना उगाचच वाकवलेली मान. त्यांना माझ्या येण्याचा एवढा आनंद झाला की जे सांगायला आले ते सांगायला मला अर्धा तास लागला. सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, जिन्याखाली आता काय आहे. झेरॉक्सचं मशीन ठेवलंय म्हटलं. ते म्हणाले, चला, तिथे रांग तरी लागेल.

मग त्यांनी वैशालीचं विचारलं. ती डोंबिवलीच्याच शाखेत लागली होती आणि मला परवाच भेटली होती. दोन खोल्यांचं घर बुक केलं होतं तिनं, मानपाडा रोडला. आई-वडील तिच्याकडेच राहणार होते. साहेबांनी विचारलं, नळ घरात आहे ना. आहे म्हटलं. खूश झाले. मग मजला कितवा तेही विचारलं, दुसरा म्हटल्यावर मान हलवली. पाणी तिथवर यायचं नाही, म्हणाले.

चहा झाला. बाहेर पोरं खेळत होती, त्यांचा आरडाओरडा आत येत होता. साहेब खिडकीकडे बघत बसले होते.

"मी तिला बरोबरच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो साहेब."

"तिनं ऐकायला नको होतं."

हा माणूस तिला 'ये' म्हणाला नव्हता, आणि ती येईल म्हणून शेवटपर्यंत वाट बघत होता. मग त्यांनीच स्वतःला सावरलं, किटली उचलली आणि आणखी घेणार का विचारलं. मला चहा सोसत नाही, आणि घरी पाहुणे यायचे होते. माझ्या कपात अजून अर्धा चहा होता. तो मी एका दमात संपवला आणि कप पुढे केला.